झीज कोणती, नासधूस कोणती?

'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात. त्याला मी जोडीन, 'आणि पाहावं भाड्यानं देऊन!' आमच्या सोसायटीचा मी बारा वर्षं सचिव होतो. भाडेकरू घर सोडतो त्या दिवशी जिन्यात चढणारा आवाज मला पाठ झाला आहे. भांडण एकाच गोष्टीचं, डिपॉझिटमधून किती कापायचे?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं, की भाडेकरूनं जागा जशी घेतली तशी परत करावी. मात्र रास्त वापरानं होणारी झीज त्यात धरायची नाही. 'लिव्ह अँड लायसन्स'मध्ये करारातल्या अटी महत्त्वाच्या. तरी न्यायाचं माप म्हणून हेच वापरावं.

चार वर्षांत विटलेला रंग, सैल झालेली कडी ही झीज. तो खर्च मालकाचा. फुटलेलं बेसिन, ओट्याचा उडालेला टवका, न विचारता टाइल्सना पाडलेली भोकं ही नासधूस. ती भाडेकरूनं भरून द्यावी. पण आठ वर्षं वापरलेला गिझर बिघडवला म्हणून नव्या कोऱ्या गिझरची किंमत मागणं बरं नव्हे.

खरी पंचाईत होते ती ओलीची. आमच्याकडे एका काकूंनी कॉलेजच्या मुलांना फ्लॅट दिला होता. न्हाणीघराची भिंत फुगली. पन्नास हजारांतले तीस हजार काकूंनी अडवले. त्या पैशांत एका मुलाची फी भरायची होती. काकूंचंही घर त्याच भाड्यावर चाललेलं. प्लंबरला बोलावलं, तेव्हा गळती वरच्या मजल्यावरून निघाली. मुलांनी फोडलेल्या खिडकीच्या काचेचे पैसे तेवढे कापले, बाकी परत झाले. प्लंबर आधी बोलावला असता, तर आठवडाभराचा मनस्ताप वाचला असता.

म्हणून किल्ली देण्याच्या दिवशीच दोघांनी मिळून घरभर फिरावं. नळ, पंखे, दारं, भिंती यांची यादी करावी, फोटो काढावेत, मीटरचं रीडिंग लिहावं आणि खाली दोघांनी सह्या कराव्यात. यादी कराराला जोडावी. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हे मालकांनी विसरू नये. आणि कितीही राग आला, तरी भाडेकरूचं पाणी-वीज तोडू नये. तोच कायदा त्याला मनाई करतो.

घर सोडताना तीच यादी हातात घेऊन पुन्हा फिरावं. पैसे कापायचे तर दुरुस्तीचं बिल दाखवून कापावेत. भाडेकरूनंही नळ गळू लागला, की त्याच दिवशी मालकाला कळवावं. दडवलेली गळती भिंतीत मुरते आणि मग बिल वाढतं.