गादी, वारस आणि प्रेमकथा
(अध्यक्षीय भाषण)

राजघराण्यातला नायक आणि सामान्य घरातली नायिका, किंवा याच्या उलट जोडी, यांच्या प्रेमावर रचलेली कादंबरी हा जगभर खपणारा जुना प्रकार आहे. साहित्याच्या व्यासपीठांवरून तिच्यावर एकच आरोप पुन्हा पुन्हा होतो: हे स्वप्नरंजन आहे, रिकामटेकड्यांची करमणूक आहे. आरोप करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अशी एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नसते, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळते. खरा दोष वेगळाच आहे. तो समीक्षकांना दिसला नाही आणि लेखकांनी सोयीस्करपणे झाकून ठेवला. राजाने सामान्य स्त्रीवर जीव लावणे ही इतिहासात कधीच मोठी बातमी नव्हती. त्याची सोय जनानखान्यात होती, नाटकशाळांत होती. पेच पडतो तो लग्नाच्या वेळी, कारण लग्नाच्या बायकोचा मुलगा गादीवर हक्क सांगतो. वारसाचा प्रश्न ज्या कादंबरीत नाही, तिच्यातला राजा हा फक्त श्रीमंत माणूस असतो. त्याच्या जागी साखर कारखान्याच्या अध्यक्षाचा मुलगा घातला तरी कथेत एका ओळीचाही फरक पडत नाही.

जुन्या कथाकारांना हे पक्के माहीत होते. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला गांधर्व विवाहाला होकार देण्याआधी अट घालते: होणारा मुलगाच युवराज झाला पाहिजे. दुष्यंत कबूल होतो. पुढे ती मुलाला घेऊन दरबारात येते, तेव्हा तो तिला ओळखूनही नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर मात्र सांगतो की, सगळे आठवत होते, पण नुसत्या हिच्या शब्दावर मुलाला स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती. राजाचे हे बोलणे निर्दय आहे आणि राज्यकर्त्याच्या दृष्टीने बिनचूकही आहे. कालिदासाने ही अट काढून टाकली. तिच्या जागी दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी आणली. राजा निर्दोष ठरला, नाटक अजरामर झाले आणि वारशाची रोखठोक बोलणी कथेतून बाहेर गेली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ संगीताने रंगवले, ते याच रूपात. कालिदासाला हे शोभले, कारण शापाच्या पलीकडे जाऊन त्याने पश्चात्ताप रंगवला. त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी शाप तेवढा उचलला. आजच्या कादंबरीत दुर्वासाची जागा कपटी मावसबहीण घेते, चोरून काढलेले छायाचित्र घेते, नाहीतर न पोचलेले पत्र घेते. राजपुत्र कधीच जाणूनबुजून नाकारत नाही, सगळा गैरसमज असतो.

सत्यवतीच्या कथेत तर बोलणी प्रत्यक्ष ऐकू येतात. कोळ्यांचा प्रमुख दाशराज हस्तिनापूरच्या शंतनूपुढे मान तुकवत नाही. मुलीच्या मुलालाच राज्य मिळाले पाहिजे, एवढे तो स्पष्ट सांगतो. शंतनूचा मुलगा देवव्रत हक्क सोडायला तयार होतो, तरी दाशराजाचे समाधान होत नाही. याने हक्क सोडला, पण याची मुले सोडतील कशावरून? त्या एका प्रश्नातून देवव्रताचा भीष्म होतो आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचे बीज पडते. मुलीच्या हितासाठी दोन पिढ्या पुढचा विचार करणारा असा बाप आधुनिक प्रेमकथेतल्या एकाही नायिकेला लाभलेला नाही. तिच्या वडिलांची बहुधा बेकरी असते आणि ते बहुधा विधुर व प्रेमळ असतात.

युरोपात या प्रकाराने आधुनिक वळण घेतले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अँथनी होप यांच्या १८९४ च्या ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’मध्ये रुरिटानिया हे कल्पित राज्य आहे. तिथली राजकन्या फ्लाविया इंग्रज नायकावर प्रेम करते आणि कर्तव्य म्हणून खऱ्या राजाशी लग्न करते. १९०१ मध्ये अमेरिकन लेखक जॉर्ज बार मॅककचन यांनी ‘ग्राउस्टार्क’ लिहिले आणि तिथे अमेरिकन तरुणाला राजकन्या मिळवून दिली. सात वर्षांत त्याग गेला आणि बक्षीस आले. तेव्हापासून या व्यवसायाने कल्पित राज्ये काढण्याचा सपाटा लावला, तो आजही चालू आहे. कारण उघड आहे. नकाशावरच्या राज्याला कायदा असतो, मंत्रिमंडळ असते, धर्मपीठ असते. कल्पित राज्याची राज्यघटना लेखकाच्या खिशात असते.

मराठी कादंबरीने याहून प्रामाणिक कारण दिले होते. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६० च्या दशकात ‘मंजुघोषा’ लिहिली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी अडचण मांडली ती अशी: आपल्याकडच्या विवाहाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात कादंबरीला पुरेल असे रंगतदार काही सापडत नाही. मुलामुलींची लग्ने पोरवयात लागत असताना प्रेम दाखवायचे कुठे? म्हणून अद्भुताचा आश्रय. रिसबुडांची टिंगल करणे नंतरच्या वास्तववाद्यांना सोपे गेले, पण आपण खऱ्या जगापासून दूर का जात आहोत, हे सांगण्याचे धैर्य त्यांच्यात होते. मराठीत असा विषय निघाला की बाजीराव-मस्तानीवरच्या ‘राऊ’ कादंबरीचे नाव घेतले जाते, तेही चुकीने. बाजीराव राजा नव्हता, प्रधान होता, आणि मस्तानी रूढ समजुतीप्रमाणे बुंदेल्यांच्या छत्रसाल राजाची मुलगी. म्हणजे दोघांत राजघराण्याची कोणी असेल तर ती मस्तानी. तिथला झगडा धर्माचा आणि सोवळ्याचा होता.

वारसाचा प्रश्न प्रत्यक्ष कसा सोडवला जातो, हे ऑस्ट्रियात पाहावे. युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांना सोफी खोटेक हवी होती. ती उमरावाची मुलगी होती, पण हाब्सबुर्गांच्या बरोबरीच्या घराण्यांत तिचे घर बसत नव्हते. २८ जून १९०० रोजी व्हिएन्नाच्या राजवाड्यात युवराजाने दरबारासमोर शपथ घेतली की, या लग्नाच्या मुलांना गादीवर हक्क राहणार नाही. लग्न झाले. पुढची चौदा वर्षे दरबारी मिरवणुकीत सोफी नवऱ्याबरोबर चालू शकली नाही. लहानसहान राजकन्याही तिच्या पुढे असत. २८ जून १९१४ रोजी, बरोबर शपथेच्याच तारखेला, सारायेव्होत दोघांचा खून झाला. व्हिएन्नात दोन शवपेट्या शेजारी ठेवल्या, तेव्हा तिची पेटी खालच्या पातळीवर होती आणि तिच्यावर पांढरे हातमोजे व पंखा ठेवला होता. ती पूर्वी एका राजस्त्रीच्या सेवेत होती, त्याची ही खूण. घराण्याच्या तळघरात तिला जागा मिळणार नव्हती, म्हणून युवराजाने स्वतःच्या आर्टस्टेटेन किल्ल्यात दोघांची सोय आधीच करून ठेवली होती. रोजच्या अपमानाचे असे तपशील प्रेमकथेच्या लेखकांना का दिसत नाहीत? त्यांची नायिका पायऱ्या उतरताना अडखळते, एवढाच तिचा दरबारी अपमान.

ब्रिटनच्या आठव्या एडवर्डची हकीकत सर्वांना पाठ आहे, तेव्हा एकच गोष्ट पुरे. वॉलिस सिम्प्सन पत्नी होईल पण राणी होणार नाही, अशी तोड १९३६ मध्ये सुचवली गेली आणि मंत्रिमंडळाने ती फेटाळली. राजीनामा आला तो त्यानंतर. नॉर्वेत युवराज हाराल्ड आणि सोन्या हाराल्डसेन यांना नऊ वर्षे थांबावे लागले. १९६८ मध्ये युवराजाच्या वडिलांची संमती मिळाली. नऊ वर्षांची ती वाट पाहणे ही एक अख्खी कादंबरी आहे, पण घाईच्या बाजारात तिला तीन पाने मिळतात.

जपानचे उदाहरण सर्वांत बोलके, कारण तिथे सगळे कायद्यात लिहिलेले आहे. १९४७ च्या राजघराणे कायद्याप्रमाणे राजपुत्राच्या लग्नाला पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंडळाची मंजुरी लागते. युवराज आकिहितो आणि पीठगिरणी उद्योजकाची कन्या शोदा मिचिको यांची ओळख टेनिसच्या मैदानावर झाली. नोव्हेंबर १९५८ मध्ये मंडळाने संमती दिली आणि एप्रिल १९५९ मध्ये लग्न झाले. प्रेमकथा इथे संपते. मिचिको यांचे पुढचे आयुष्य मात्र चालूच राहिले. १९९३ मध्ये साप्ताहिकांतून टीकेची झोड उठली असताना त्या कोसळल्या आणि काही महिने त्यांची वाचा गेली. याच कायद्याचे बारावे कलम उलट बाजूचे आहे. राजकन्येने सामान्य माणसाशी लग्न केले की ती घराण्यातून बाहेर. आकिहितो यांच्या कन्या सायाको २००५ मध्ये टोकियोच्या महानगर प्रशासनातल्या नोकरदाराशी विवाह करून बाहेर पडल्या. त्यांना सुमारे १५ कोटी येन निरोपाचे म्हणून मिळाले. २०२१ मध्ये त्यांची भाची माको यांनी ती रक्कमही नाकारली. राजघराण्यातल्या व्यक्तीला आडनाव नसते आणि सामान्य कुटुंबनोंदवहीत तिचे नाव नसते. लग्नाच्या कागदावर माको यांना पहिल्यांदा आडनाव मिळाले. म्हणजे एकाच कायद्याखाली सून आत येते आणि लेक बाहेर जाते. राजपुत्राची कथा आणि राजकन्येची कथा नावे बदलून एकाच साच्यात ओतता येत नाही, हे ज्या लेखकाला कळत नाही त्याने पऱ्यांच्या गोष्टी लिहाव्यात.

मराठी लेखकांना मात्र टोकियोपर्यंत जाण्याची गरज नाही. इंदूर पुरे आहे. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर मोटार अडवून व्यापारी अब्दुल कादर बावला यांना गोळ्या घातल्या गेल्या. सोबतच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. ती होळकर दरबारातून निघून आलेली नर्तकी होती. वाटेने जाणारे गोरे लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. धागे इंदूरपर्यंत पोचले. चौकशी आयोग की पदत्याग, असा पर्याय सरकारने महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्यापुढे ठेवला आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली. दोन वर्षांनी त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. आधी नाशिकला तिला हिंदू धर्मात घेऊन शर्मिष्ठादेवी हे नाव देण्यात आले. गाजावाजा, विरोध सगळे झाले, पण लग्न निभावले. गादी आधीच मुलाकडे गेली होती, त्यामुळे या विवाहाने कोणाच्या हक्काला धक्का लागत नव्हता.

पुढच्या पिढीत तोच प्रश्न उलटून आला. यशवंतरावांची पहिली पत्नी कागलच्या घाटगे घराण्यातली, मराठा. शाहू महाराजांनी पुरस्कारलेल्या मराठा-धनगर विवाहांच्या धोरणातून १९२४ मध्ये हे लग्न झाले, महाराजांच्या निधनानंतर. दोन्हीकडे राजघराणी, तरीही ओलांडायची ती भिंत जातीची. नंतरच्या अमेरिकन पत्नीपासून यशवंतरावांना मुलगा झाला. १९६१ मध्ये ते वारले, तेव्हा वारस म्हणून मान्यता होती ती पहिल्या पत्नीच्या कन्या उषादेवी यांना. मुलगा असून मुलगी वारस ठरली. कारण मुलाची आई. दाशराजाने ज्याची धास्ती घेतली होती, ते इथे घडले.

१९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही संपवले. त्यानंतरच्या भारतात कायद्याच्या दृष्टीने राजा कोणीच नाही, म्हणून राजा आणि सामान्य यांची प्रेमकथाही, त्या शब्दांच्या जुन्या अर्थाने, घडू शकत नाही. तरी वाड्याचे हॉटेल चालवणारा ‘युवराज’ आणि तिथे कामाला आलेली चुणचुणीत मुलगी यांच्यावर कादंबऱ्या निघत राहतात, आणि त्यांत गावचा तलाठीसुद्धा युवराजाला मुजरा करतो. या माणसाकडे आता गादी नाही. त्याच्याकडे गळका वाडा आहे, विश्वस्त संस्था आहे, चुलत्यांनी लावलेले दिवाणी दावे आहेत आणि सोयरीक कोणत्या घरांत करायची याची घोटलेली यादी आहे. नायिकेचे नाव त्या यादीत का नाही, तिच्या मुलांचे नाव सातबारावर चढेल की नाही, वाड्याच्या वाटणीत तिची सही कोण मागेल, एवढे लिहायचे झाले तरी लेखकाला तहसील कचेरीच्या दोन फेऱ्या माराव्या लागतील.