कुडा कोणता, काळा की पांढरा?

कुडा हे नाव एक असले तरी झाडे दोन आहेत : पांढरा कुडा आणि काळा कुडा. जळगाव जिल्ह्यातल्या दीपनगरहून तापी ओलांडून यावल-रावेरच्या पलीकडे गेले, की सातपुड्याच्या पानझडी जंगलात दोन्ही भेटतात. दोन्ही बेताच्या उंचीची. पाने समोरासमोर, पान खुडले की पांढरा चीक, उन्हाळ्यात पाच पाकळ्यांची पांढरी फुले आणि पुढे जोडीने लोंबणाऱ्या बारीक, लांब शेंगा. एवढ्या साम्यामुळे जाणत्यांचीही गफलत होते, आणि ती महागात पडते. पांढऱ्या कुड्याची कडू साल म्हणजे आयुर्वेदातला कुटज. आव आणि अतिसारावरचे कुटजारिष्ट तिचेच. त्या सालीत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते. बियांचेही तसेच : पांढऱ्याचे ते कडू इंद्रजव, काळ्याचे गोडे.

झाड फुलावर असेल तर फुलाचा घसाच पाहावा. याहून खात्रीची खूण नाही. काळ्या कुड्याच्या फुलात पाकळ्या जिथे नळीला मिळतात तिथे बारीक पांढऱ्या तंतूंची झालर असते, जणू कापसाच्या पेळूचे टोक विसकटले आहे. पांढऱ्या कुड्याच्या फुलात ही झालर नसते, घसा मोकळा. मेघदूतातला यक्ष मेघाचे स्वागत करतो ते कुटजाच्या ताज्या फुलांनी, कारण हा बहर पावसाच्या तोंडापर्यंत टिकतो.

पानांवरूनही अंदाज येतो. पांढऱ्या कुड्याचे पान मोठे आणि रुंद, काळ्याचे त्यामानाने अरुंद, टोकाशी निमुळते. काळ्याचे पान वाळताना काळपट-निळे पडते. त्या पानांतून निळीसारखा रंग निघतो, म्हणूनच शास्त्रीय नावात ‘टिंक्टोरिया’, म्हणजे रंगाऱ्याची, हा शब्द आला. या झाडाचे पांढरे, गुळगुळीत लाकूड कातकामाला उत्तम. कर्नाटकातील चन्नपट्टणची रंगीत खेळणी परंपरेने त्याचीच.

शेंगा धरल्यावर जोडीची टोके पाहावीत. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि पिकताना सुटतात. पांढऱ्याच्या पहिल्यापासून सुट्या, अंगावर पांढुरके ठिपके. शेंग तडकली की बीला रेशमी केसांचा झुबका दिसतो : पांढऱ्या कुड्यात तो शेंगेच्या टोकाच्या बाजूला, काळ्या कुड्यात देठाच्या बाजूला.