तांबडा दिवा काय सांगतो?



गेल्या पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला घेऊन आम्ही रात्री तालुक्याला निघालो. जीपमध्ये बॅटरीचा तांबडा दिवा लागला. आम्ही म्हटलं, असू दे! थोड्या वेळाने पुढचे दिवे मंद झाले. घाटात गाडी बंद पडली. सेल्फ मारला, तर नुसतं टक् टक्. मागून दुधाची गाडी आली, म्हणून बाई वाचली.

चूक कोणाची? आमचीच. दिवा सांगत होता. आम्ही ऐकले नाही.

बॅटरी म्हणजे घरातला रांजण. सेल्फ, दिवे, भोंगा त्यातून वीज घेतात. रांजण भरण्याचे काम अल्टरनेटरचे. इंजिनाचा पट्टा त्याला फिरवतो. त्यात पुढेमागे वाहणारी वीज तयार होते. डायोड तिला एकाच दिशेने सोडतात. रेग्युलेटर ती बेताची ठेवतो. मग जाड तारेने ती बॅटरीत जाते. परतीची वाट गाडीच्या लोखंडातून असते.

चावी फिरवताच तांबडा दिवा लागावा, इंजिन सुरू होताच विझावा. चालत्या गाडीत लागला, तर रांजण भरत नाही असे समजावे. सुरक्षित जागी थांबावे. इंजिन बंद करून पट्टा आणि तारा पाहाव्यात.

मीटर लावला, तर भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५.

आणि एक. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नये. डायोड जळू शकतात.

आपण अक्षरे वाचायला शिकलो. आता हा दिवाही वाचू या.