चिंध्यांची बाहुली
(महोत्सवानिमित्त भरलेल्या महिला सभेंत वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या हस्तकला-दालनांत आम्हां भगिनींनीं शिवलेल्या बाहुल्या मांडिल्या आहेत. पन्नाशी उलटलेल्या बायकांना हा पोरखेळ कोठून सुचला, असें कांहीं जणांनीं हंसत विचारिलें. त्यांस उत्तर देणें आम्हांस प्राप्त आहे.

आमच्या बालपणीं सावंतवाडीचीं रंगीत लाकडी खेळणीं कोणीं आणिलीं, तर तीं फळीवर शोभत. उशाशीं निजे ती चिंध्यांची बाहुली. ती आजीनें करावी व आम्हीं पाहावी. पाहतां पाहतां आम्हीहि करूं लागलों, आणि पुढें संसाराच्या धबडग्यांत तें सारें विसरलों. यंदा सुई हातीं घेतली तेव्हां कृति कोणासहि नीट सांगतां येईना. बोटांना मात्र ती ठाऊक होती. कापड उलटें शिवून सुलटावें, कापूस काडीनें चिमूट चिमूट आंत सारावा, म्हणजे गांठी होत नाहींत. मान अगदीं घट्ट भरावी. ती सैल राहिली तर चार दिवसांत डोकें छातीवर लोंबूं लागतें. विकतच्या बाहुलीला हा रोग नाहीं. परंतु तिचा हात मोडला तर तो पुन्हां शिवतांहि येत नाहीं.

हा खेळ आमच्याच आज्यांनीं काढिला असें मात्र नव्हे. मिसर देशांत ऑक्सिरिंकस येथें सांपडलेली, रोमन अमलांतील, इसवी सनाच्या १ल्या ते ५व्या शतकांच्या दरम्यानची एक बाहुली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. अळशीच्या सुताचें जाडेंभरडें कापड, आणि पोटांत चिंध्या व पपायरसचे तुकडे!

खरी अडचण आली ती कापडाची. नवें कापड ताठ असतें. बाहुलीस हवें तें अनेक धुण्यांनीं मऊ झालेलें लुगडें. अशीं लुगडीं आमच्या पेट्यांत होतीं, पण तीं दिवंगत मातांचीं. त्यांस कात्री लावावी कीं नाहीं, यावर आमच्यांत दोन दिवस वाद झाला. एक भगिनी म्हणाली, "आईचा वास आहे त्याला, मी देणार नाहीं." तिला कोणीं आग्रह केला नाहीं. दुसरीनें आपलें लुगडें उलगडून दाखविलें, तों तें घडीघडीवर विरलेलें. तिनें पदर तेवढा राखिला व बाकीचें कापिलें.

दालनांतील बाहुल्या विकावयाच्या नाहींत. ज्या मुलींस शिकावयाचें असेल त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर सभागृहांत यावें. येतांना घरांतील एक जुनें कापड आणावें, आणि तें कोणाचें होतें हें विचारून यावें.