फसवणुकीची पहिली अट

(रत्नागिरी येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



'डिजिटल अटके'ची बातमी वाचली की आपण सहज म्हणतो, 'एवढी शिकलेली माणसे फसतात कशी?' वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी दाखवून सुमारे ७ कोटी रुपयांना लुबाडण्यात आले. त्यांना निर्बुद्ध कोण म्हणेल?

हे भामटे आपल्या आज्ञाधारकपणावर घाव घालतात. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. समोरच्या माणसाला विजेचे धक्के द्या, असे प्रयोगशाळेतील अधिकारी सांगत असे. धक्के खोटे होते. देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. तरीही ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. ती चारचौघांसारखीच माणसे होती. पुढे शेजारी बसलेल्या दोघा साथीदारांनी नकार देताच अखेरपर्यंत जाणारे ४० पैकी केवळ ४ उरले.

या आकड्यांतच आपले औषध आहे. भामटा आधी आपली खासगी माहिती सांगून विश्वास बसवतो, मग गणवेश दाखवून भय घालतो, विचाराला उसंत देत नाही. या साऱ्याआधी त्याची एक अट असते : 'कोणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका.' नकार देणारा शेजारी त्याला नको असतो.

आपल्या कोकणात मुले मुंबई-पुण्यास, घरी वृद्ध आईवडील, आयुष्यभराची पुंजी बँकेत. सरकारी कागद म्हटला की छातीत धस्स व्हावे, असा आपला पापभीरू स्वभाव. अशा घरात तो आवाज शिरला, तर त्याला अडवणार कोण?

म्हणून लक्षात ठेवा, दूरध्वनीवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये 'थांबा, विचार करा, कृती करा' हेच सांगितले. असा फोन आला तर तो बंद करा, पडवीत या, शेजाऱ्याला हाक मारा. पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवा.

आणि तरुणांना एक विनंती. फसलेल्या वडीलधाऱ्यांना हसू नका. हसे होईल या भीतीने माणूस गप्प बसतो, आणि त्याचे हे मौनच भामट्याच्या कामी येते.