काव्याची आवड आणि काव्याचा बांधा
(प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



काव्याची आवड ज्याची त्याची असते, असे म्हटले जाते. एकास अभंगाची ओढ असते, दुसऱ्यास श्लोकाचा डौल भावतो, तिसऱ्यास यमकाविना चालणारी कविता जवळची वाटते. घरी बसून वाचणाऱ्या रसिकाच्या बाबतीत एवढे म्हणून भागते. परंतु वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाची आवड त्याच्यापुरती राहत नाही. त्याला जे आवडते तेच मुलांच्या कानांवर पडते, आणि जे आवडत नाही ते पुष्कळदा पडतच नाही. म्हणून या विषयाचा विचार शिक्षकाने विशेष जबाबदारीने करावयास हवा.

मराठीत कवीचे नाव एखाद्या रचनाप्रकाराशी जोडण्याची परंपरा जुनी आहे. ज्ञानेश्वर म्हटले की ओवी आठवते, तुकाराम म्हटले की अभंग, मोरोपंत म्हटले की आर्या. ही निवड केवळ लहरीची नव्हती. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जुळलेले आणि चौथा आखूड असतो. अक्षरांचे बंधन सैल असते. त्यामुळे निरूपणाचा ओघ तीत अडत नाही, आणि जात्यावर बसलेल्या निरक्षर बाईनेही आपले सुखदुःख तिच्यातच सांगितले. मोठ्या अभंगाच्या सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चरणांत मनातील बोल थेट उतरतो आणि टाळाच्या साथीने सर्वांना म्हणता येतो. आर्येचा हिशेब मात्रांचा; तेथे शब्दप्रभुत्वाची कसोटी लागते. तात्पर्य, प्रत्येक बांधा काही गोष्टी सुलभ करतो आणि काही अवघड करतो.

या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे १८६६ साली जन्मलेले कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांचे उदाहरण मननीय आहे. ते व्यवसायाने शिक्षकच होते. मुंबई, खानदेश आणि धारवाड येथील शाळांतून त्यांनी अध्यापन केले. त्यांची प्रारंभीची रचना संस्कृत काव्याच्या वळणाची होती. पुढे इंग्रजी काव्याच्या परिचयाने त्यांनी चौदा ओळींचा बांधा मराठीत आणला. १८९२ सालची ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही कविता मराठीतील पहिले सुनीत मानली जाते. तथापि नवे हाती आले म्हणून जुने त्यांनी टाकून दिले नाही. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या दोन्ही कविता १८९३ सालच्या. पहिलीत निद्रिस्त समाजाला हाक द्यावयाची होती, तर दुसरीत देहभान हरपविणाऱ्या तन्मयतेचा अनुभव सांगावयाचा होता. म्हणून एकाच वर्षी एकाच कवीस दोन निराळे बांधे लागले. त्यातही ‘झपूर्झा’ हे नाव मुलींच्या खेळातील बोलांवरून आलेले आहे. इंग्रजी सुनीत आणि अंगणातील खेळ, या दोहोंकडे त्यांचा कान सारखाच उघडा होता.

१९०५ साली हुबळी येथे त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांचा एकही काव्यसंग्रह निघाला नाही. कविता प्रसिद्ध झाल्या त्या जळगावच्या ‘काव्यरत्नावली’सारख्या नियतकालिकांतून. परिचित तेच छापावयाचे, असा हट्ट त्या संपादकांनी धरला असता, तर नव्या मराठी कवितेची वाट किती काळ अडून राहिली असती, याची कल्पनाच करावी.

दुसरे उदाहरण मंगेश पाडगावकर यांचे. त्यांचा जन्म १९२९ साली वेंगुर्ले येथे झाला. हे गाव त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ पासून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. पाडगावकरांनी गेय भावगीते लिहिली, बालगीते लिहिली, वात्रटिका लिहिल्या, आणि ‘सलाम’सारखी मुक्त रचनेची उपरोधिक कविताही लिहिली. आवड एकाच प्रकाराची असली पाहिजे असे नाही, हेच यावरून दिसते.

आता वर्गाकडे वळावे. समजा, समुद्रकाठच्या एखाद्या मुलाने मासेमारीची होडी रिकामी परतलेली पाहिली आणि त्यावर चार ओळी लिहिल्या. यमक जुळत नाही म्हणून गुरुजींनी त्या खोडल्या. मुलाने यमक जुळविले. पण त्यासाठी होडीत मासळीचे ढीग घातले. यमक साधले, परंतु सत्य गेले. तो मुलगा पुन्हा आपल्या घरची गोष्ट कवितेत आणील, याची खात्री कोणी द्यावी? याउलट ताल आणि मात्रा यांचा कानाला संस्कारच न झालेल्या मुलाने गद्याची वाक्ये तोडून एकाखाली एक मांडली, तर तीही कविता होत नाही. बंधन काय असते हे कळल्यावरच ते सोडण्याला अर्थ येतो.

यास्तव शिक्षकाने वर्षभरात ओवी, अभंग, श्लोक, गीत आणि मुक्तछंद असे सर्व प्रकार मोठ्याने म्हणून दाखवावेत. अर्थ मागाहून सांगावा. टाळ्यांनी मात्रा मोजून घ्याव्यात. आजीला येणाऱ्या ओव्या मुलांनी ऐकून लिहून आणाव्यात. मुलाच्या रचनेत प्रथम त्याने काय पाहिले ते विचारावे, चूक मागाहून दाखवावी. आणि स्वतःला न आवडणारा प्रकार शिक्षकाने अधिक तयारीने शिकवावा. कारण वर्गातील एखाद्या मुलाचा तोच आवडता ठरण्याचा संभव असतो.

मालगुंड येथे १९९४ पासून केशवसुतांचे स्मारक उभे आहे. मुलांची सहल तेथे अवश्य न्यावी. परंतु त्या शिक्षककवीचे खरे स्मरण प्रत्येक शाळेत, मुलाच्या वहीतील चार कच्च्या ओळी शिक्षक धीराने वाचतो तेव्हा घडते.