तुमची ओळख कशी झाली?

नवरा-बायको शेजारी बसलेले, आणि समोरून साधासा प्रश्न येतो: तुमची ओळख कशी झाली? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२ जोडप्यांना असं बोलतं केलं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घटनेपेक्षा ती सांगण्याच्या तऱ्हेकडे जास्त लक्ष होतं. तोंडी ‘आम्ही’ येतं की नुसतंच ‘मी’? ओढाताणीचे दिवस अभिमानानं आठवतात की कुरकुरत? पुढे कोणाचा संसार मोडेल, याचा अंदाज त्यावरून बराच अचूक बांधता आला. अर्थात, ५२ जोडपी म्हणजे सगळं जग नव्हे.

संसाराची गोष्ट सांगण्याची अशी तऱ्हा पाहायची, तर मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’, आहेत.

१८९५ मध्ये पती नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दोघांची काही वर्षं ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले. या आठवणींचं पुस्तक आलं ते १९३४ पासून, भागाभागानं. पतीचा तऱ्हेवाईकपणा, हातात न टिकणारा पैसा, घरातली भांडणं, सारं त्या मिस्कीलपणे सांगतात. आणि स्वतःच्या सोवळ्याओवळ्याची गंमत करायलाही चुकत नाहीत.